जोडगोळीची सावली

लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस "आपण काय करता?" असं विचारायचा, तेव्हा मी बरीच वर्षं एकच उत्तर देत आलो. "मी उजेड मोजतो." त्यावर "म्हणजे वीजमंडळात का?" हा प्रश्न ठरलेला. वेधशाळेत आहे म्हणावं, तर "मग यंदा पाऊस कसा?" हा त्याहून ठरलेला. पावसाचं मला काहीच कळत नसे. जव्हारच्या बाजारात एका भाजीवालीनं "वेदशाळेवाले असून सांगत नाय" म्हणून माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना रस्त्यापासून आत एका टेकडीवर आमची दुर्बीण होती. मुंबईच्या एका हौशी गृहस्थांनी संस्था काढून ती उभारली होती. चौदा इंची आरसा, पत्र्याचा घुमट, बाजूला दोन खोल्या. मी मोखाडा तालुक्यातलाच. घरी भात-नागलीची शेती. नाशिकला भौतिकशास्त्र शिकलो आणि मास्तरकीच्या अर्जांची उत्तरं येण्याची वाट बघत असताना ही नोकरी आधी मिळाली. शहरात दिव्यांच्या उजेडात तारे बुडून जातात, म्हणून दुर्बीण इथं आणलेली. लोडशेडिंग सुरू झालं की सगळा महाराष्ट्र शिव्या द्यायचा, मी मात्र मनातून खूष व्हायचो. आमचं काम ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि भोवतालचा अंधार फुकट मिळायचा.

माझ्या सोबतीला लहानू होता. खालच्या करंजपाड्यावरचा, माझ्याच वयाचा. घुमट दोरानं ओढून फिरवावा लागे. तारा जसजसा पश्चिमेकडे सरकेल तसतशी घुमटाची फट त्याच्यामागे न्यावी लागे. ते लहानू करायचा. बॅटऱ्या, साप, विंचू, पाणी, सगळं त्याच्याकडे. दुर्बीण आणि संगणक माझ्याकडे.

पाहुणे यायचे ते निराश होऊन जायचे. त्यांना वाटे, आम्ही रात्रभर डोळा लावून नवलं बघत असणार. प्रत्यक्षात दुर्बिणीला डोळ्याच्या जागी कॅमेरा असे आणि आम्ही बघायचो आकडे. एक गृहस्थ मात्र मला अजून आठवतात. विक्रमगडच्या बाजूचे, प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांच्या मुलीला कडक मंगळ होता. चार स्थळं त्यापायी मोडलेली. त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता, वर्तमानपत्रांत चर्चा चाललेली. ते एस.टी.नं आले, टेकडी चढून घाम पुसत म्हणाले, "आमच्या घराचा ज्यानं छळ मांडलाय, त्याला एकदा बघू द्या."

मी कॅमेरा काढून भिंग लावलं. त्यांनी खूप वेळ डोळा लावला. मग बाजूला झाले.

"एवढाच?" ते म्हणाले.

"एवढाच."

"आणि ते पांढरं काय, टोकाला?"

"बर्फ आहे तिथं."

"बर्फ," ते स्वतःशीच म्हणाले. पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "त्याला बिचाऱ्याला आमचं नावसुद्धा माहीत नसेल." त्याच वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका बघितली की नाही हे मी विचारलं नाही.

आता मुख्य कामाबद्दल. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लाखो दगड सूर्याभोवती फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. सगळ्यात मोठ्या दुर्बिणीतही बहुतेक नुसते ठिपके दिसतात. पण दगड ओबडधोबड असतो आणि स्वतःभोवती गिरकी घेतो. त्याची रुंद बाजू आपल्याकडे आली की उजेड वाढतो, अरुंद बाजू आली की कमी होतो. रात्रभर फोटो घेत त्याचा उजेड मोजत राहिलं की त्याची गिरकी कळते. मोजायचं कसं, तर त्याच फोटोतल्या आसपासच्या ताऱ्यांशी तुलना करून. ढग आला तर सगळेच मंदावतात. पण तारे आहेत तसेच आणि एकटा दगडच मंदावला, तर ते त्याचं स्वतःचं काहीतरी असतं. आमची सगळी विद्या एवढ्यात आली.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. पुण्याच्या शैला मॅडम आमच्या कामाच्या प्रमुख होत्या. विदुषी, कमी बोलणाऱ्या, कौतुक तर जवळजवळ नाहीच. त्यांनी एक लहानसा लघुग्रह नेमून दिला. त्याला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. पाडवा जवळ आला होता. दगड तेव्हा चित्रा नक्षत्राच्या शेजारी होता.

पहिल्या काही रात्री आम्ही उशिरा, तो बराच वर आल्यावर मोजायला बसायचो, आणि त्यानं सभ्यपणे गिरक्या दाखवल्या. मग एका रात्री लवकर बसलो, तर जेवणवेळेच्या सुमारास उजेड खाली गेला. थोडाच, साधारण दहावा हिस्सा. बराच वेळ खालीच राहिला आणि परत वर आला. गिरकीच्या हिशेबात हे बसत नव्हतं. ताऱ्यांचा उजेड होता तसाच होता. मी आरशावर दव पडलंय का पाहिलं, बॅटरी तपासली, लहानूला विचारलं, "फट नीट समोर होती ना?"

"व्हती," लहानू म्हणाला. "भाऊ, तुमी घाबरलेत का?"

घाबरलो होतो हे खरं. कारण याचा एक अर्थ मला ठाऊक होता. दगड एक नसून दोन असावेत. लहान दगड मोठ्याभोवती फिरतोय आणि फिरता फिरता त्याच्या पुढून गेला, आपली सावली त्याच्यावर टाकून गेला. जोडगोळी. अशा जोड्या तोवर फार थोड्या सापडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जव्हारच्या सायबर कॅफेत जाऊन मॅडमना सगळे आकडे पाठवले. त्यांनी ते परदेशातल्या लोकांना कळवले. उत्तरं आली ती थंड होती. युरोपातल्या कुणालाच असं काही दिसलं नव्हतं. मॅडमचा फोन आला. "एका रात्रीचं कुणी धरत नाही. ढग असेल, चूक असेल. पुन्हा दिसलं पाहिजे. आणि युरोपात का दिसत नाही याचं कारण मला वाटतं मला सापडलंय. त्या लहान दगडाची फेरी जवळजवळ आपल्या एका दिवसाएवढी असावी. म्हणून तो रोज त्याच सुमाराला पुढून जातो. तेव्हा आपल्याकडे रात्र असते आणि त्यांच्याकडे ऊन. हे आपल्या बाजूनंच दिसणार."

म्हणजे पृथ्वीच्या ज्या पट्ट्यातून ते दिसणार होतं, त्यात त्या कामाला लागलेली दुर्बीण आमचीच. घाईचं आणखी एक कारण होतं. त्या जोडीची फिरण्याची पातळी आपल्याला अगदी कडेनं दिसत होती, म्हणून सावलीचा खेळ दिसायचा. काही दिवसांत कोन बदलला की तो बंद, आणि पुन्हा जुळायला कित्येक वर्षं. शिवाय चैत्रातला चंद्र वाढत वाढत चित्रेकडेच येतो. तो जवळ आला की आमचा कॅमेरा आंधळा.

नेमका तेव्हा राबाचा हंगाम. भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळतात, त्याचा धूर पठारावर बसून राहिला. पुढच्या रात्री चित्रा लालसर कंदिलासारखी दिसली. त्यानंतरच्या रात्री बॅटऱ्यांनी दगा दिला. मग वारा फिरला, आकाश स्वच्छ झालं, मॅडम स्वतः पुण्याहून यायला निघाल्या, आणि लहानू मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, आज राती बोहाडा हाय."

बोहाडा म्हणजे आमच्याकडचा देवीचा उत्सव. देवादिकांचे, राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर रात्रभर एकेक करून नाचत येतात. त्याला सोंगं म्हणतात. कुठलं सोंग कुणाच्या घराचं हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. गणपतीचं सोंग लहानूच्या घराचं. ते सगळ्यात आधी निघतं, म्हणजे नेमकं आमच्या वेळेला.

"तू जा," मी म्हटलं. "घुमट मी ओढीन, मॅडम आहेत."

"तसं नाय. यंदा हॅलोजन आनलेत. जनरेटर बी. बांबूवर चढवलेत, तोंडं टेकडीकडं."

पाडा टेकडीच्या पूर्वेला, चित्रा उगवायची ती बरोबर त्याच्यावर. हॅलोजनचा झोत घुमटाच्या फटीतून थेट आत आला असता. मी त्याच दुपारी लहानूबरोबर खाली उतरलो.

मांडवापाशी गणपत बांबू बांधत होता. तिशीचा, ठाण्याला बांधकामावर काम करणारा, बोहाड्यासाठी आलेला. हॅलोजनची कल्पना त्याचीच. बाजूला खाटेवर काळूबाबा बसले होते. पाड्यातले सगळ्यात वयस्कर. मी माझं म्हणणं सांगितलं. दिवे टेकडीकडून जरा फिरवता येतील का, रात्रीच्या सुरुवातीपुरते.

गणपत हातातली दोरी न सोडता ऐकत होता. मग म्हणाला, "पाड्यात पयल्यांदाच असा उजेड येतोय. आन तुमाला अंधार पायजे."

मी बांबूवरच्या हॅलोजनकडे पाहिलं.

"वावर-वांगणीला पोरं भुकेनं मेली त्या साली लई लोक आले," तो म्हणाला. "गाड्या घेऊन. आमचा अंधार बघून गेले. फोटो काढले. आता तुमी. तुमचा दगड तिकडं वर, त्याला काय कमी पडतंय का?"

माझा स्वतःचा जन्म तसल्याच घरात झालेला, रॉकेल संपलं की निजायचं. दिवे विझवा असं मी म्हणणार नव्हतोच, पण तो जे बोलला त्याच्यापुढे दिवे फिरवा म्हणायचीही लाज वाटली. मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. राहू दे." आणि निघालो.

"काय हाय वर?" मागून काळूबाबांनी विचारलं.

मी थांबून सांगितलं. दोन दगड असावेत असं वाटतंय. एक दुसऱ्याभोवती फिरतोय. आज रात्री सावली पडली तर खात्री होईल.

"अजून कुनी बघितलं नाय?"

"नाही. इथूनच दिसेल."

"आपल्या हितून," बाबा म्हणाले, गणपतकडे बघत. एवढंच.

गणपतनं गाठ मारली, दोरी दातानं तोडली. "फिरवून भागायचं नाय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पत्रा लागंल वरून. झाकन करावं लागंल, मंग उजेड खालीच पडतो. ठान्याला साइटवर करतात तसं. पन एक बोलतो. काय दिसलं ते उद्या नाय सांगायचं. आजच. खाली येऊन, माइकवर."

टेकडीवर जुन्या खोलीचे पत्रे पडून होते. ते आम्ही खाली आणले. तो, लहानू आणि मी संध्याकाळपर्यंत बांबूवर चढून हॅलोजनना टोप्या घालत होतो. माझे हात कापले गेले. गणपतनं ते पाहिलं आणि म्हणाला, "सर, तुमी पत्रा उलटा धरताय."

मॅडम दिवेलागणीला पोचल्या. खालचा जनरेटर सुरू झाला, हॅलोजन लागले. मी टेकडीच्या कडेला उभा होतो. अंगणात पिवळा उजेडाचा गोल पडला आणि तिथंच थांबला. वर चित्रा स्वच्छ होती.

काम सुरू झालं. मी घुमट ओढायचो, मॅडम संगणकापुढे. खालून संबळ आणि सनई ऐकू येत होती. पडद्यावर फोटोमागून फोटो, गिरकीचा चढउतार वजा करून प्रत्येकातून एक ठिपका, ठिपक्यांची रांग. दगड आपली नेहमीची गिरकी घेत होता. वेळ झाली आणि काहीच झालं नाही. ठिपके सरळ चालले. मी दोर धरून उभा. मग एक ठिपका जरा खाली बसला. पुढचा त्याच्या खाली. त्याच्या पुढचा आणखी खाली.

"ढग?" मॅडम म्हणाल्या.

मी बाहेर डोकावलो. "नाही."

"तारे?"

"तारे आहेत तसेच."

उजेड उतरत गेला, तळाशी पोचला, तळाशी सरळ चालत राहिला. मोठा दगड म्हणजे जव्हार गाव आणि भोवतालचं पठार मिळून होईल एवढा. लहान म्हणजे आमची टेकडी आणि करंजपाडा मिळून. एवढी टेकडी एवढ्या पठारापुढून काहीही आवाज न करता चालली होती आणि तिची सावली पठारावरून सरकत होती. ताऱ्यांबद्दल बोलताना हजारो वर्षांपूर्वीचा उजेड वगैरे म्हणतात. हे तसं नव्हतं. हा उजेड अर्ध्या तासापूर्वी सूर्यातून निघाला होता, त्या दगडांवर आपटून दहा-बारा मिनिटांत आमच्या आरशावर आला होता. जे चाललं होतं ते जवळजवळ आत्ता चाललं होतं. माझ्या अंगावर काटा आला. मी मोजणारा माणूस, मला तशी सवय नव्हती.

ठिपके वर चढू लागले तेव्हा मॅडम उठून बाहेर गेल्या आणि पायरीवर बसल्या. मी गेलो. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं शिकवते आहे मी हे. कागदावर." मग थोड्या वेळानं, "तुम्ही आज पायात वहाणा घातलेल्या नाहीत." बांबूवर चढताना काढल्या होत्या, त्या खालीच राहिल्या; मला ते तोवर कळलं नव्हतं.

रांग पूर्ण सरळ झाल्यावर आम्ही खाली उतरलो. लहानूचं सोंग होऊन गेलं होतं. गणपतीचा मुखवटा शेजारी ठेवून तो घामानं न्हाऊन बसला होता. मला बघून उठला. मी नुसती मान हलवली. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला.

मैदानात सरस्वती नाचत होती, पाठीला लाकडी मोर बांधलेली. गणपतनं संबळवाल्यांना हात केला आणि माइक माझ्या हातात दिला. पाचपन्नास घरांचा पाडा, आसपासचे पाहुणे, सगळे माझ्याकडे बघत. माझ्याकडे भाषण नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही दिव्यांना झाकण घातलंत म्हणून आम्हाला दिसलं. वर एक दगड आहे. त्याच्याभोवती दुसरा फिरतो. मघाशी गणपती नाचत होता तेव्हा त्याची सावली पहिल्यावर पडली. आजवर हे नक्की कुणालाच माहीत नव्हतं. आता आपल्याला आहे."

मग काळूबाबांनी विचारलं, "त्यांना बांदलंय कुनी एकमेकांना?"

"कुणी नाही. एकमेकांच्या ओढीनं फिरतात."

"कवापासून?"

"माहीत नाही बाबा. कदाचित आपले डोंगर नव्हते तेव्हापासून."

एका बाईनं विचारलं, "नाव काय त्येचं?" नाव नाही, नुसता क्रमांक आहे, असं सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्यात कुत्र्यालाबी नाव ठेवतात." लोक हसले. मॅडमही हसल्या, मी पहिल्यांदाच पाहिलं.

"कुठं हाय तो?" गणपतनं विचारलं.

"त्या ठळक ताऱ्याच्या शेजारी. पण डोळ्यांना दिसणार नाही. काहीच दिसणार नाही."

तो जनरेटरपाशी गेला आणि त्यानं तो बंद केला.

हॅलोजन विझले. डोळ्यांना सवय व्हायला जरा वेळ गेला, मग आकाश वरून खाली आल्यासारखं उतरलं. मी हात करून चित्रा दाखवली. काहीच दिसणार नाही हे सगळ्यांना सांगून झालं होतं, तरी सगळा पाडा मान वर करून बघत राहिला. सरस्वतीनं मुखवटा कपाळावर सरकवला. आतला माणूस, मोखाड्याच्या पंचायत समितीत शिपाई असलेला एक घामेजला गृहस्थ, तोंड उघडं ठेवून वर बघत होता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग कुणीतरी संबळावर थाप मारली, जनरेटर सुरू झाला आणि बोहाडा पुढे चालला.

दुसऱ्या दिवशी मॅडमना अमेरिकेतल्या एका निवृत्त शिक्षकाचा निरोप आला. त्यांची घरच्या अंगणात दुर्बीण होती. लहान दगड मोठ्यामागे लपतो तो अर्धा भाग त्यांच्या रात्रीत येत होता आणि आमच्या आकड्यांवरून सांगितलेल्या वेळी त्यांना उतार दिसला होता. अर्धी फेरी आमच्याकडची, अर्धी त्यांच्याकडची. जोडगोळी पक्की झाली. जाहीर झालेल्या टिपणात नावं होती, त्यात मॅडमनी लहानूचंही घातलं. त्यानं आडनाव चुकल्याचं लगेच दाखवून दिलं.

संस्थेनं आणखी काही वर्षं रेटलं, मग दुर्बीण पुण्याच्या एका महाविद्यालयाला गेली. मी उरलेली नोकरी जव्हारच्या एका शाळेत विज्ञान शिकवून काढली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दुर्बीण उतरवताना मी हजर राहिलो नाही. करंजपाड्यावर आता खांबांवर दिवे आहेत. ते आले त्या वर्षी पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो.

मध्यंतरी मॅडमनी एक आलेख पाठवला. तो कोन पुन्हा जुळला होता, दूरदेशीच्या कुणा तरुणांनी ते दोघं पुन्हा मोजले होते. मी आलेख घेऊन लहानूकडे गेलो. दुपार होती. तो ओट्यावर बसून सूप विणत होता. मी खाली जमिनीवर कागद पसरला, उतार दाखवला आणि सांगितलं, आपण बांधलेल्या हिशेबाप्रमाणे ज्या वेळी यायला हवे होते, त्याच वेळी आले.

लहानूनं कागदावरून बोट फिरवलं. "म्हंजे आपन बघायचं सोडलं, तरी फिरतातच हायत."

"फिरतातच आहेत."

"आता या घडीला कुठं असतील?"

महिना कोणता, चित्रा कुठं असेल, ते तिच्यापासून किती सरकले असतील, हे मी मनाशी मांडलं. मग बोट खाली केलं, ओट्याच्या सारवलेल्या जमिनीकडे. "इथं. पृथ्वीच्या पलीकडं, खाली."

लहानूनं विणणं थांबवलं, पाय जरा बाजूला घेतले, आणि आम्ही दोघं बराच वेळ त्या जमिनीकडे बघत बसलो.